आज बोटीतून काय उतरलं, तेवढं सांगा

दमणपासून मालवणपर्यंत समुद्रकाठी मासळीचं जेवण विकणाऱ्या सर्व हॉटेलमालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. इथे आमच्या चार पिढ्या गेल्या. घरात मराठी, दारात गुजराती, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार स्वयंपाकघराची खिडकी बंद. खाली वैष्णव कुटुंब राहतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि चाळीस वर्षांत आईने त्या तीन वारी एकदाही खिडकी उघडली नाही. आम्ही कायस्थ प्रभू. सोड्याची खिचडी आणि बोंबलाचं भुजणं सोडून दुसरी कुठली इस्टेट वाडवडिलांनी मागे ठेवलेली नाही. तेव्हा मासळीच्या बाबतीत आम्ही जरा जास्तच बोलतो, ते सोसून घ्या.

बडोद्याला समुद्र नाही, असं नाही. सर्वांत जवळचा कंबोईला, खंभातच्या आखातात. तिथला स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो आणि ओहोटीला बाहेर येतो. बाकी नजर जाईल तिथवर चिखल. त्या चिखलात लेवटे सापडतात (तुमच्याकडचे निवटे), पण काठावर टेबल टाकून जेवावं असं तिथे काही नाही. गावातली विश्वामित्री म्हणाल तर तिच्यात मगरी. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात त्या वस्तीत हिंडून गेल्या. तिच्या काठी हॉटेल काढलं तर कोण कुणाला जेवेल याचा भरवसा नाही. म्हणून पाणी बघत ताजा मासा खायचा, तर आम्हाला गाडीत बसून तुमच्याकडेच यावं लागतं.

मासा मात्र घरीही मिळतो. वेरावळची सुरमई आणि पापलेट बर्फात येतं, जाफराबादचे बोंबील येतात, इथे त्यांना बुमला म्हणतात. लहानपणी पावसाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन माछण यायची. नर्मदेत चढलेला पाला ती ‘पालवा’ म्हणून विकायची. आता धरणांनंतर नर्मदेचं गोडं पाणी खालपर्यंत पुरेसं पोचत नाही, तो मासाही क्वचित दिसतो आणि माछण तर नाहीच. सांगायचा मुद्दा इतकाच की बर्फातल्या मासळीचा मला तिटकारा नाही. माझं आयुष्य तिच्यावर गेलं. पण बर्फातलीच खायची असेल तर मी तीनशे किलोमीटर कशाला येऊ?

पत्र लिहायला निमित्त झालं ते गेल्या जानेवारीतलं.

आई एकोणऐंशी वर्षांची. तिचं माहेर पालघरकडचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा वर्षं ती कुठे गेली नव्हती, आणि एके दिवशी म्हणाली, “एकदा समुद्रासमोर बसून बोंबील खाऊ दे, मग काय व्हायचं ते होवो.” मी, बायको आणि आई सकाळच्या गाडीने पालघरला उतरलो, तिथून रिक्षा केली. हॉटेलचं नाव लिहीत नाही. पत्र त्या एकाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा वाईट जागी मी जेवलोय.

जागा सुरेख होती. सुरूच्या झाडांखाली वाळूत टेबलं, ओहोटीने पाणी लांब गेलेलं, दोन होड्या कुशीवर कललेल्या. आईने खुर्चीत बसताच पोऱ्याला विचारलं, “बोंबील आहेत?”

“बोनलेस आहे, आजी.”

“काय बोनलेस?”

“फिश.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. कुठला मासा, हे तीन वेळा विचारल्यावर आतून निरोप आला, रावस आहे. मग ताट आलं. तुमच्याकडे सगळीकडे येतं तेच, लाल मसाला फासून सकाळपासून काचेखाली ठेवलेले तुकडे, मध्ये एक पापलेट, बाजूला लिंबाच्या फोडी. आईने सवयीने पापलेटच्या कल्ल्याजवळ अंगठा दाबायला हात पुढे केला. पांढरं पाणी आलं तर ताजं, लाल आलं तर शिळं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. पोऱ्या म्हणाला, “हात नका लावू, आजी.” हात मागे घेऊन ती माझ्याकडे वळली आणि पोऱ्याला कळू नये म्हणून गुजरातीत म्हणाली, “वासी छे.”

पोऱ्या हसून म्हणाला, “ना बा, ताजी ज छे.”

डहाणू-पालघर पट्ट्यात गुजराती बहुतेकांना येतं, हे ती माहेर सोडून साठ वर्षं झाल्यामुळे विसरली होती. आम्ही तिघं आणि तो पोऱ्या, चौघंही हसलो. हसणं तिथे संपलं.

रावस म्हणून जो आला तो रावस नव्हता. रावसाच्या मांसाला पाकळ्या सुटतात, थोडी स्वतःची चरबी लागते, मागे गोडसर चव राहते. हा तुकडा चमच्याने दाबला की पाणी सोडत होता. वास नाही, चव नाही, मसाला तेवढा तिखट. आईने एक घास जिभेवर ठेवला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “हा गोड्या पाण्यातला.” बासा. व्हिएतनामात मेकाँगच्या खोऱ्यात वाढवतात तो, किंवा आता आपल्याकडेही तळ्यात त्याच जातकुळीचा पाळतात तो. समोर अरबी समुद्र आणि ताटात तळ्यातला मासा.

जेवून आम्ही किनाऱ्याने दोनशे पावलं चाललो असू. डोळीची (डोल जाळ्याची) एक होडी आलेली होती. तीन बाया वाळूवर ताडपत्री टाकून बसल्या होत्या आणि ढिगातून मांदेली, करंदी, बोंबील वेगळे करत होत्या. बोंबील काचेसारखे, आरपार दिसतील असे. मांदेलीच्या पोटावर अजून सोनेरी झाक होती. आई काठी टेकून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या माहेरच्या बोलीत सुरू झाली. मी ती बोली लहानपणानंतर ऐकली नव्हती. मांदेलीचे दोन वाटे शंभर रुपयांना. बोंबील वाटेत विरघळतील म्हणून तिने घेतले नाहीत, नुसते बोटाने उचलून खाली ठेवले. मांदेली बर्फाच्या डब्यात घालून आम्ही गाडी पकडली आणि रात्री अकरा वाजता बडोद्याला, खिडकी लावून, हळद-तिखट-मीठ आणि आगळ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तळली.

समुद्रकाठच्या त्या सहलीतला एकमेव ताजा मासा आम्ही दांडिया बाजारात खाल्ला. हे मला गप्प बसून गिळता येत नाही.

आता तक्रारी. मोजून सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की बडोद्याचा माणूस नुसता गाऱ्हाणी गातो.

पहिली: नाव. बासा विकणं गुन्हा नाही. स्वस्त आहे, काटा नाही, मुलं खातात. त्याला बासा म्हणा आणि बासाचे पैसे घ्या. रावस म्हणून तो विकणं ही फसवणूक आहे, आणि ती नेमकी त्यांची होते ज्यांना फरक ओळखता येत नाही. माझ्या आईला आला. शेजारच्या टेबलावर सुरतचं एक जोडपं पहिल्यांदा मासा खात होतं. ते आता आयुष्यभर सांगत फिरतील की रावस असा असतो, पाणचट. अपमान रावसाचाही झाला.

दुसरी: मसाला. काश्मिरी मिरचीचा तो लाल लेप दमणलाही तोच, अलिबागलाही तोच, तारकर्लीलाही तोच. लेपाखाली मासा आजचा की चार दिवसांचा, कळायला मार्ग नाही. मला तर वाटतं लेप त्यासाठीच आहे. मासा निवडायला ताट आणता ना, मग कोरा आणा. डोळा फुगलेला आहे का, कल्ला लाल आहे का, बोट दाबल्यावर खळगा भरून येतो का, हे गिऱ्हाइकाला बघू द्या. बाजारात कोळीण बघू देते. तिथे कुणी म्हणत नाही, हात लावू नका.

तिसरी: दर. ‘साइजप्रमाणे’ हा दर होत नाही. आमचं पापलेट तळहाताएवढं होतं आणि बिलात त्याचे चौदाशे रुपये लागले. समोर काटा नाही, आधी आकडा नाही. शिवाय बिलाच्या तळाशी सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की ते परस्पर लावायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी बोलल्यावर गल्ल्यावरच्या माणसाने ते मुकाट्याने काढलं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. सोलकढीचं आमच्याकडून विचारून जास्तीचं घेतलं असतंत तर एक शब्द बोललो नसतो, सोलकढी उत्तम होती.

चौथी माझ्या मनाला सर्वांत लागलेली आहे, म्हणून जरा लांबवतो. तुमच्या कार्डावर फक्त चारच मासे का? पापलेट, सुरमई, कोळंबी, आणि ते ‘बोनलेस’. मांदेली कुठे गेली? मुडदुशा, ढोमे, करली, बोई, तारली, शिंगाळा, तिसऱ्या, कालवं? समुद्र रोज वीस जातींचं देतो आणि तुम्ही चार विकता. कारण मला कळतं. सुरमईचे सारखे काप पडतात, बर्फात टिकते, पर्यटकाला नाव ठाऊक असतं. मांदेली साफ करायला तासभर कुणीतरी बसावं लागतं आणि ती दुपारपर्यंतच चांगली. करलीत काटे, काटे लागले की गिऱ्हाईक ओरडतं. पण याचा परिणाम असा होतो की तुमच्या दारातला मासा ट्रकने शहरात जातो नाहीतर उन्हात वाळत पडतो, आणि तुमच्यासाठी दुसऱ्या बंदरावरून सुरमई येते.

आणि सगळे त्याच चारांच्या मागे लागल्यावर मासा लहान होत जातो. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी गुजरातने घोळीला तो मान दिला, तेव्हा माझ्यासारख्याला आता दोन-दोन राज्यमासे आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान लांबीही ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान धरायचं नाही. माझ्या आईचा तळहात साडेसोळा सेंटिमीटर आहे, घरी आल्यावर मोजला. आमचं पापलेट कायद्यात बसलं असेल. शेजारच्या टेबलावर ‘बेबी पापलेट’ची प्लेट गेली त्यात सहा होती, ती बसत नव्हती, हे मी पट्टीशिवाय सांगतो.

पाचवी: पावसाळा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस महाराष्ट्रात यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. माशाची वीण असते, समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळी दर्याला नारळ देतात आणि पुन्हा सुरुवात करतात. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे हद्दच झाली. तरी जुलैमध्ये तुमच्या पाट्यांवर ‘ताजी फडफडीत सुरमई’ असतेच. कुठून? फ्रीजरमधली असेल तर तसं लिहा. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो. त्या दोन महिन्यांत खाडीचं काही असेल, चिंबोऱ्या असतील, सुकट-बोंबील-सोडे असतील, ते करा. सोड्याचं कालवण पावसात जसं लागतं तसं ताज्या सुरमईचंही लागत नाही. हे माझं मत आहे, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

सहावी: स्पीकर. समुद्राचा आवाज फुकट असताना तो बंद करून दुसरा विकत का लावता?

आता तुमची बाजू. मासळी महागली आहे, हे दिसतंय. गिऱ्हाईक शनिवार-रविवारी येतं आणि सोमवारी टेबलं रिकामी. बोट येईल की नाही हे भरती-ओहोटी ठरवते. उधाणाला डोळीत मासा भरतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला) जाळं हलकं येतं, आणि गिऱ्हाईक काही तिथी बघून येत नाही. आमच्याकडून येणाऱ्यांचं तर विचारूच नका. दमणला येणाऱ्या दर दहा बडोदेकरांतले आठ मासळीसाठी येत नाहीत, कशासाठी येतात ते तुम्हीही जाणता आणि आम्हीही. त्यांच्याबरोबर पनीर चिली मागणारे असतात. मी स्वतः वीस वर्षं तुमच्याकडे येऊन सुरमई तवाच मागत आलो, कारण ओळखीचं होतं. मांदेलीबद्दल मी कधी विचारलंच नाही. ती चूक माझी, कबूल.

पण म्हणून मागणी मागे घेत नाही.

दारात एक फळा लावा. खडूने, मराठीत, रोज सकाळी. आज कुठला मासा, कुठल्या बंदरावर उतरला, ताजा की बर्फातला की गोठवलेला, आणि किलोचा किंवा नगाचा दर. संध्याकाळी संपलेल्या माशावर रेघ मारा. यात खर्च खडूचा.

मासा कोरा दाखवा, समोर तोला, दर सांगा, मग मसाला लावा.

बासाला बासा म्हणा.

किमान लांबीपेक्षा लहान मासा घेऊ नका, ‘बेबी’ हा शब्द कार्डावरून पुसा. तुम्ही घेतला नाहीत तर पकडणारा पुढच्या वेळी विचार करेल.

आणि एक ताट असं ठेवा की ज्याच्यावर माशाचं नावच नसेल: ‘आजचं कालवण, आजची तळलेली मासळी, भात, भाकरी, सोलकढी’. होडीतून जे येईल ते. भांगाला नुसता जवळा असेल तर जवळा. ज्याला सुरमईच हवी त्याच्यासाठी सुरमई आहेच. पण ज्याला तुमचा किनारा खायचा आहे त्यालाही काहीतरी मागता यावं. त्या तीन बाया तुमच्या स्वयंपाकघरापासून दोनशे पावलांवर बसतात. रोज सकाळी एक पाटी त्यांच्याकडून घ्या, आणि साफसफाईचे पैसे वेगळे द्या. मांदेली त्यांच्याइतकी भराभर दुसरं कुणी साफ करू शकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही एक विनंती. हॉटेलात बसलात की कार्ड उघडण्याआधी विचारा, “आज काय उतरलं?” पोऱ्या आत जाऊन विचारून येईल. चार टेबलांवरून तोच प्रश्न आला की मालकाला फळ्याचा खर्च परवडायला लागेल.

आईला पुन्हा यायचं आहे. ती पंचांग घेऊन बसली आहे. अष्टमीच्या आसपास जायचं नाही, भांग असतो, अमावास्येनंतरचे दोन दिवस बघ, म्हणते. चिंबोऱ्याही तेव्हा भरलेल्या असतात, असं तिचं म्हणणं. ज्यांनी फळा लावला असेल त्यांनी या पत्राखाली नुसतं गावाचं नाव लिहून कळवावं. आम्ही तिघं येऊ. आईसाठी हात असलेली खुर्ची लागेल, आणि वाळूत तिची काठी रुतते, तेव्हा टेबल जरा घट्ट जमिनीवर असलेलं बरं.

आपला,
एक बडोदेकर गिऱ्हाईक